लाडाने कुजलेला कोंब

गेल्या पावसाळ्यात मी खोटं बोलले. तेही घरच्याच माणसाशी, माझ्या नणंदेशी. आणि एकदा नाही, ओळीने पाच रविवार.

झालं असं. आमच्या वन्सं गोरेगावचं घर बंद करून मुलाकडे बंगळुरूला कायमच्या राहायला गेल्या. तीस वर्षांचा संसार आवरायचा म्हणजे काय असतं, ते जिने आवरलाय तिलाच ठाऊक. भांडी वाटली, पुस्तकं वाचनालयाला दिली, शिलाई मशीन कामाच्या बाईंच्या मुलीला दिलं. शेवटी उरलं ते खिडकीतलं ऑर्किड. जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं डेंड्रोबियम, ‘सोनिया’ जातीचं. पुष्पगुच्छात हमखास असतात ना, तीच फुलं. “हे मात्र मी तुलाच देणार,” वन्सं म्हणाल्या. “तू जपशील.”

त्या ‘तू जपशील’नेच घात केला.

दर रविवारी सकाळी वन्संचा फोन येतो. आधी झाडाची चौकशी, मग भावाच्या तब्येतीची! मे महिन्यात झाडाच्या बुडाशी दोन हिरवे कोंब दिसले, तेव्हा मी आपणहून फोन करून सांगितलं. जूनच्या शेवटी कोंब चांगले वीतभर झाले. जुलैच्या मध्यावर एका सकाळी पाहते तर मोठ्या कोंबाचं मधलं पान तपकिरी, ओलसर, उकडल्यासारखं दिसत होतं. मी बोटांनी नुसतं धरलं, तर अख्खा गाभा हातात आला. हलणारा दुधाचा दात निघावा तसा, अगदी अलगद. बुडाशी काळा चिखल आणि घाणेरडा वास. चार दिवसांत दुसरा कोंबही काळा पडला.

रविवारी फोन वाजला. “कोंब कसे आहेत गं?”

“छान आहेत हं, वन्सं,” मी म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, एका कुंडीसाठी एवढं काय? पण झाडं लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. आपल्याकडे झाड मेलं की ते नुसतं मरत नाही, ते बाईच्या नावावर जमा होतं. ‘तिच्या हाताला गुण आहे’ आणि ‘हिच्या हाताला काही लागत नाही’ ही दोन वाक्यं आपण लहानपणापासून ऐकत आलो. विरजण लागलं नाही तरी हात, पापड लाटताना फाटला तरी हात आणि कोंब कुजला तरी हात! मलाही मनोमन तेच वाटलं. वन्संनी बारा वर्षं जपलेलं झाड मी दोन महिन्यांत घालवलं.

लाज वाटली म्हणून मी कुणाला विचारलं नाही. आणि तिथेच खरी चूक झाली, हे आज मला ठामपणे सांगायचंय. कोंब कुजतो तो हातामुळे नाही. तो कुजतो गाभ्यात साठलेल्या पाण्यामुळे आणि कोंडलेल्या हवेमुळे. आणि ही दोन्ही कारणं आपण, झाडावर जीव असलेल्या बायका, मोठ्या प्रेमाने पुरवत असतो.

मी काय काय केलं ते ऐका. कुंडीला रोपवाटिकेची एक जुनी छापील चिठ्ठी अडकवलेली होती. ‘ऑर्किडला दमट हवा लागते, रोज पाणी फवारा.’ मी आज्ञाधारक. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी मनसोक्त फवारायची. कोंबांवर तर जरा जास्तच, बाळं ना ती! पाऊस आत येतो म्हणून गॅलरीच्या सरकत्या काचा दिवसरात्र बंद. कोंब भराभर वाढावेत म्हणून दर आठवड्याला विद्राव्य खत. शिवाय मला नंतर कळलं की सकाळी देवपूजेनंतर तांब्यात उरलेलं पाणी सासूबाई ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून त्याच कुंडीत ओतत होत्या, आणि दुपारी लादी पुसून झाली की मावशी ‘सुकलंय वाटतं’ म्हणून मगभर घालत होत्या. एक झाड आणि पाणी घालणारे तीन हात. बिचारं बुडालं त्यात नवल काय!

आता त्या चिठ्ठीबद्दल. ‘रोज फवारा’ हा सल्ला मुळात थंड देशांतला. तिथे हिवाळ्यात घरं बंद असतात, आत हीटर चालू असतो, हवा खडखडीत कोरडी होते. तिथे माणसाच्या ओठांना चिरा पडतात तशी झाडाचीही पानं आणि मुळं सुकतात. मुंबई-ठाण्यात, अलिबाग-रत्नागिरीत जुलै महिन्यात पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडतो आणि मीठ बरणीत पाझरतं. इथे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. त्यात आणखी फवारायचं कशाला? पुण्या-नागपूरकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, तिथे सकाळी कुंडीच्या आसपास थोडं पाणी शिंपडलं तर ठीक. पण पावसाळ्यात, आणि तेही किनारपट्टीवर? ऑर्किडला दमट हवा हवी असते, ओला कोंब नको असतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या चिठ्ठीवर लिहायला हवं होतं.

कोंबच का कुजतो, जुनी पानं का नाही? कोंब जरा जवळून पाहा. नवी पानं एकमेकांना लपेटून वर येतात, त्यामुळे मध्ये नरसाळं तयार होतं. त्यात थेंबभर पाणी साठलं की ते सहजी सुकत नाही. आतलं पान कोवळं, त्याची साल अजून जून झालेली नसते. त्यावर तासन्तास पाणी उभं राहिलं की रोगाला दार उघडंच.

या रोगाचे कर्ते मुख्यतः दोन. एक म्हणजे जिवाणू. त्यांनी पकडलं की कोंब पाणचट, पिवळट-तपकिरी होतो, त्याचा लगदा होतो आणि दुर्गंधी येते. दुसरे म्हणजे पिथियम आणि फायटोप्थोरा. यांना आपण बोलताना बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ त्यांना खऱ्या बुरशीत धरत नाहीत. ते पाण्यातले बुरशीसारखे जीव. त्यांचे बीजाणू चक्क पोहतात. पानावरच्या पाण्याच्या पातळशा थरातून पोहत जाऊन ते कोवळ्या भागात शिरतात. मग कोंब बुडापासून काळा पडतो आणि ओढला की हातात येतो. माझ्या कोंबात बहुधा दोघांनीही हात धुऊन घेतले असावेत. पण दोघांनाही लागतं काय, तर उभं पाणी. पाणी नसेल तर पोहणार कुठे?

हे वाचलं तेव्हा मला एकदम माहेर आठवलं. माझं माहेर गुहागरकडचं. नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेली मी. मृगाआधी वडिलांची लगबग चालायची. माडाच्या शेंड्यातला कचरा काढून घ्यायचा, पोफळीच्या घडांवर बोर्डो मिश्रण फवारून घ्यायचं. पोफळीचा कोळेरोग आणि माडाचा कोंब कुजणं हे दोन शब्द घरात कायम कानावर पडायचे. “माडाला कोंब एकच. कोंब गेला की माड गेला,” असं वडील सांगायचे. आणि गंमत पाहा, माडाचा कोंब कुजवणारा फायटोप्थोरा ऑर्किडलाही सोडत नाही. पोफळीचा कोळेरोगही त्याच कुळातल्याचा प्रताप. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक काळं पडलं आणि त्यातून मोठा दुष्काळ पडला, त्यालाही याच कुळातला एक भाऊबंद कारण होता. म्हणजे ज्या शत्रूविरुद्ध माझे वडील दरवर्षी पावसाआधी तयारी करायचे, त्याच शत्रूला मी गॅलरीत संध्याकाळचं पाणी पाजत होते. आणि दोष देत होते हाताला!

वडिलांची तयारी नेहमी पावसाच्या आधी असायची, हे लक्षात घ्या. कोंब कुजल्यावर धावाधाव करून फारसं हाती लागत नाही. मीही धावले. दुकानदाराने बुरशीनाशकाची पूड दिली. ती होती कार्बेन्डाझिमची. घरोघरी बायका ‘बुरशीचं औषध’ म्हणून हेच वापरतात. आता कळतंय की खऱ्या बुरशीवर ते चालतं, पण पिथियम-फायटोप्थोरावर त्याचा उपयोग होत नाही, आणि जिवाणूंवर तर नाहीच नाही. म्हणजे मी आणखी एक फवारा मारून कोंब पुन्हा ओलाच केला! बोर्डो मिश्रण माडाला चालतं म्हणून घरी कुणी ते डेंड्रोबियमवर मारायला जाऊ नका; तांबं असलेली औषधं या झाडाला सोसत नाहीत. आणि खरं सांगू का, ज्या गॅलरीत आपले कपडे वाळतात, नातवंडं खेळतात, तिथे ही औषधं जितकी कमी तितकं बरं. मारावीच लागली तर रोग कोणता हे जाणकाराला दाखवून, डब्यावरची सूचना वाचून, हातमोजे घालून मारावीत. ‘शेजारणीने मारलं, तिचं झाड वाचलं’ हे कारण पुरेसं नाही.

कुणी दालचिनीची पूड सुचवतं. ती वाईट नाही. पण ती कापलेल्या जागेवर, कोरड्या जखमेवर लावायची. मुळांवर किंवा कुंडीभर भुरभुरायची नाही, कारण ती मुळं सुकवते. आणि पूड लावायच्या आधी कापावं लागतं. कोंब काळा पडलेला दिसला की ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणायचं नाही. ब्लेड किंवा कात्री गॅसवर तापवून घ्यायची, गार करायची आणि कुजक्या भागाखाली बोटभर निरोगी भागासकट छाटायचं. कापलेल्या जागी तपकिरी छटा दिसली तर हत्यार पुन्हा तापवून आणखी खाली. छाटलेला तुकडा दुसऱ्या कुंडीत खत म्हणून टाकायचा नाही, सरळ कचऱ्यात. ते झाड काही दिवस इतर झाडांपासून लांब, वाऱ्याला आणि कोरडं ठेवायचं. हा रोग दोन-चार दिवसांत बुडापर्यंत पोचतो. मी लाजेपायी घालवले ते हेच चार दिवस.

पण माझा भर औषधावर नाही, रोजच्या साध्या वागण्यावर आहे. ते सांगते.

पहिली गोष्ट, पाणी सकाळी. नऊ-दहाच्या आत. सूर्य मावळायच्या आत कोंबातला थेंबन् थेंब सुकलेला हवा. संध्याकाळचं पाणी गुलाबाला, तुळशीला घाला हवं तर, ऑर्किडला नको. सकाळीसुद्धा पाणी मुळांना घालायचं, कोंबाच्या डोक्यावर ओतायचं नाही. चुकून गाभ्यात पाणी गेलंच तर जुन्या सुती साडीच्या चिंधीला पीळ देऊन तिचं टोक आत सोडायचं. वातीसारखं पाणी शोषून घेते. कान साफ करायची कापसाची काडीही चालते. दिवसाकाठी एक मिनिटाचं काम.

दुसरी गोष्ट, पाणी घालायचं की नाही हे मुळांना विचारायचं. ऑर्किडच्या मुळांवर पांढरा, टिपकागदासारखा थर असतो. ओला असताना मूळ हिरवं दिसतं, सुकलं की चंदेरी. हिरवं असेल तर पाणी नको. कॅलेंडर बघून पाणी घालायचं नाही. पावसाळ्यात झाड तीन-चार दिवस हिरव्या मुळांवर खुशाल बसलेलं असतं, आणि आपण मात्र ‘आज घातलंच नाही’ म्हणून हळहळत असतो.

इथे मला कळलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. डेंड्रोबियम किंवा कॅटलियाचा नवा कोंब येतो तेव्हा सुरुवातीला त्याला स्वतःची मुळंच नसतात. तो जगतो शेजारच्या जुन्या दांड्यावर. त्या दांड्यात साठवलेलं पाणी आणि अन्न त्याला मिळत असतं. तेव्हा कोंबाला वेगळं पाणी पाजायची गरज नसते. त्याची सोय आईने केलेली असते. आणि आपण काय करतो? पानं गळलेला, सुरकुतलेला जुना दांडा ‘आता काय उपयोग’ म्हणून कापून टाकतो आणि कोंबाच्या डोक्यावर पाणी ओततो! तो जुना दांडा टणक असेल तोवर कापू नका. म्हातारं दिसलं तरी घर तेच चालवत असतं.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, म्हणजे वारा. मराठीत ऑर्किडला ‘आमरी’ म्हणतात. आपल्या सह्याद्रीत कितीतरी आमरी आहेत. ‘सीतेची वेणी’ पाहिली असेल. पावसाच्या तोंडाशी झाडाच्या खोडावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांच्या वेण्या लोंबत असतात. लोक तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाचा रस शोषत नाही, नुसती आधाराला बसते. तिथे चार महिने पाऊस कोसळतो, तरी ती कुजत नाही. का? मुळं उघड्यावर, वारा चारी बाजूंनी आणि झाड तिरकं लटकलेलं, त्यामुळे पानांच्या बेचक्यात पडलेलं पाणी ओघळून जातं. बाजारात मिळणारं फॅलेनोप्सिसही रानात असंच पानं खाली झुकवून वाढतं. आपण त्याला कुंडीत ताठ उभं करतो आणि त्याच्या डोक्याची वाटी होते. त्याला माडासारखा वाढीचा शेंडा एकच. तो कुजला की बहुतेकदा झाड गेलंच. म्हणून फॅलेनोप्सिसची कुंडी एका बाजूने खाली लाकडाचा तुकडा घालून तिरकी ठेवा. दिसायला वाकडी दिसेल, पण झाड जगेल.

गॅलरीच्या काचा बंद ठेवायच्याच असतील तर छोटा टेबलपंखा हळू वेगात लावा, थेट झाडावर नको, भिंतीकडे तोंड करून. हवा हलली पाहिजे, एवढंच. कुंड्या एकमेकींना चिकटून नकोत. एकीच्या वर एक टांगलेल्या तर अजिबात नकोत, कारण वरच्या झाडाचं पाणी खालच्या कोंबात ठिबकतं आणि वरचा रोगही पाण्याबरोबर खाली उतरतो. कुंडीत माती तर नाहीच, पण पावसाळ्यात नुसता नारळाचा भुसाही नको. तो पाणी धरून ठेवतो. कोळसा आणि विटांचे तुकडे बरे.

चौथी गोष्ट खत. नत्र भरपूर असलेल्या खताने कोंब लुसलुशीत, फोफावलेला दिसतो आणि आपल्याला बरं वाटतं. पण असा रसरशीत कोंब जिवाणूंचं आवडतं खाद्य. पावसाळ्यात खताचं प्रमाण कमी ठेवा. शिवाय गोगलगाईंवर लक्ष ठेवा. रात्री त्या कोंब कुरतडतात आणि त्या जखमेतून रोग आत जातो. टॉर्च घेऊन उचलून बाहेर टाकल्या की झालं.

आणि पाचवी गोष्ट, घरात एकच पाणी घालणारा! आमच्याकडे आता कुंडीला लाल दोरा बांधलाय. लाल दोरा म्हणजे फक्त मी. सासूबाई थोड्या रुसल्या. मग त्यांच्याकडे तुळस आणि जास्वंद पूर्ण सोपवली. मावशींना मुळांचे हिरवे-चंदेरी रंग दाखवले. परवा त्याच मला म्हणाल्या, “ताई, आज हिरवं आहे, राहू द्या.” मला पटकन समजलं नव्हतं ते त्यांना दोन मिनिटांत समजलं.

रोपवाटिकावाल्यांनाही माझं एक सांगणं आहे. तुम्ही काही शे रुपयांना हे झाड विकता, दिवाळीत तर रंगीत कागदात गुंडाळून भेट म्हणून विकता. विकताना दोन वाक्यं जास्त बोलत जा. ‘सकाळी पाणी घाला, कोंबात पाणी ठेवू नका.’ बस्स. चिठ्ठी छापायचीच तर आपल्या हवेची छापा. नाहीतर दर पावसाळ्यानंतर शेकडो बायका ‘माझ्या हाताला ऑर्किड लागत नाही’ म्हणून रिकामी कुंडी माळ्यावर टाकतात आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडे फिरकतच नाहीत. नुकसान तुमचंही आहेच की.

असो. आता माझ्या खोटेपणाचं काय झालं ते सांगते.

सहाव्या रविवारी मला राहवलं नाही. फोन उचलला आणि एका दमात सांगून टाकलं. “वन्सं, दोन्ही कोंब गेले. जुलैतच गेले. मी तुमच्याशी खोटं बोलले.” पलीकडे क्षणभर शांतता. मग वन्सं जोरात हसल्या.

“अगं वेडे, मी चार झाडं मारलीत. हे पाचवं!”

मी गारच पडले. “मग हे बारा वर्षं कसं जगलं?”

“काय माहीत बाई. चार मेल्यावर मी नाद सोडला होता. आत ठेवायला जागा नव्हती म्हणून हे खिडकीबाहेर ग्रिलवर टाकलं होतं. वर छज्जा होता म्हणून धो धो पाऊस लागायचा नाही. ग्रिल वाकडी, त्यामुळे कुंडीही कायम कलंडलेली. आठवण झाली की सकाळी पाणी घालायचे, नाही झाली तर नाही.”

म्हणजे बघा! वारा, सकाळचं पाणी, तिरकी कुंडी, हाताची ढवळाढवळ नाही. सगळे नियम बाईंनी न कळत पाळले होते. आणि मी त्यांच्याच झाडाला मखरात बसवून, काचेआड ठेवून, तीन वेळा पाणी पाजून घालवत होते. वन्संनी ही गोष्ट आधी का नाही सांगितली? विचारलं तर म्हणाल्या, “चार मारली हे काय सांगायचं का कुणाला?” म्हणजे लाज त्यांनाही होतीच. त्यांनी आपली चार लपवली, मी दोन कोंब लपवले, आणि दोघींच्या मध्ये ते झाड बिचारं मरता मरता राहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, मैत्रिणींनो. फुलं आली की आपण शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवतो. कोंब कुजला की तोही दाखवा. भिशीला, मंदिरात, लिफ्टमध्ये, जिथे भेटाल तिथे विचारा. कुणीतरी आधी चार मारलेली असतात आणि तिला कारण माहीत असतं. हाताचा गुण वगैरे काही नसतो. असते ती न कुजलेल्या कोंबांमागची आधीच्या कुजलेल्या कोंबांची शिकवण.

डेंड्रोबियमच्या बुडाशी झोपलेले डोळे असतात. एक कोंब गेला तरी रोग बुडापर्यंत पोचला नसेल तर दुसरा डोळा जागा होतो. आमचाही झाला. ऑक्टोबरच्या उन्हात जुन्या दांड्याच्या पायथ्याशी हिरवा ठिपका फुगलेला दिसला. आता तो चांगला दांडा झालाय. कुंडी गॅलरीच्या उघड्या कोपऱ्यात, छज्जाखाली, खाली खपली घालून मुद्दाम वाकडी ठेवलीय. हे म्हणतात, “अगं, ती सरळ कर ना, डोळ्यांना खुपते.” मी म्हणते, “खुपू दे.”

वन्संचा रविवारचा फोन अजून येतो. फक्त ‘कोंब कसा आहे’ असं त्या आता विचारत नाहीत.

“काल संध्याकाळी पाणी नाही ना घातलंस?” असं विचारतात.